सेकंदाला पाच

ताईनं भिंतीवरचं बटण दाबलं आणि खोलीतला शेवटचा दिवाही गेला. बाहेर सकाळचे साडेदहा वाजले होते, पण या खोलीला खिडकी नव्हती. उजेड उरला तो फक्त स्क्रीनचा.

"गेली का?" तिनं विचारलं.

"कुठली जातेय!" चिमणी स्क्रीनला नाक लावून बसली होती. "आहे तश्शीच आहे. परत मोजली मी. सेकंदाला पाच."

"पंखा बंद, एसी बंद, दिवे बंद. तिघांचे मोबाइल बाहेर." ताई बोटांवर मोजत होती. "आता राहिलं काय चालू?"

"आपण तिघं," खुर्चीतून सर म्हणाले.

चिमणी खुदकन हसली. ताईलाही हसू आलं. सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असताना हळूच असं काहीतरी बोलून जायचं, ही सरांची जुनी खोड.

जीव टांगणीला लागायला कारण होतं. खोलीच्या मधोमध काळ्या दगडाची एक जाड फरशी होती, हवा भरलेल्या चार पायांवर ठेवलेली, आणि तिच्यावर तांब्याच्या जाळीचा पिंजरा. पिंजऱ्यात पक्षीबिक्षी काही नाही. नखाएवढा एक पडदा आणि त्या पडद्याला एक भोक. केस उभा चिरत चिरत त्याचा हजारावा भाग हाती लागला, तर जेवढा असेल तेवढं ते भोक. त्यातून खाऱ्या पाण्याबरोबर विजेची अगदी बारीक धार जायची. रक्तातल्या पेशी एकमेकींना ज्या इवल्या इवल्या पुड्या पाठवत असतात, त्यातली एखादी भोकातून निघाली की ती धार क्षणभर अडायची आणि स्क्रीनवरच्या रेघेला एक खळगा पडायचा. एक खळगा म्हणजे एक पुडी. खळगे मोजायचे, त्यांची खोली मोजायची, एवढंच काम. पण ती धार इतकी अशक्त, की दाराबाहेरून कुणी टाचा वाजवत गेलं तरी रेघ शहारायची.

आणि सोमवारपासून या रेघेला उचकी लागली होती. 'उचकी' हे नाव चिमणीनं दिलेलं. "कोण एवढी आठवण काढतंय गं आपल्या मशीनची?" असं ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. तिचं स्वतःचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. चणीनं एवढीशी आणि तोंड अखंड चालू, म्हणून चिमणी. पीएचडीचं तिचं हे चौथं वर्ष. सोमवारी ती हसत होती, आज गुरुवारी नव्हती. कारण आज नळ्या आल्या होत्या.

पाच नळ्या. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या पाच बाळांच्या. सकाळी नऊला हॉस्पिटलचे डॉक्टर स्वतः डबा घेऊन आले होते आणि ताईच्या हातात देताना म्हणाले होते, "यातून जे निघेल ते काढा. परत मात्र मागू नका. त्या पोरांच्या अंगात सगळं मिळून अर्धी वाटी रक्त असतं." कुठलं बाळ दोन दिवसांनी खंगणार आणि कुठलं तग धरणार, हे या पुड्यांवरून आधी कळतं का, असा तो प्रश्न होता. अजून नक्की काहीच नव्हतं. पण बर्फातून काढलेल्या नळ्या चार वाजेपर्यंतच चालणार होत्या. त्यानंतर पुड्या आपल्या आपण फुटायला लागतात. दहा वाजता लावलेली पहिली नळी वाया गेली होती. उचकीचे खळगे कुठले आणि पुड्यांचे कुठले, हे ब्रह्मदेवाला सांगता आलं नसतं.

ताईनं दिवे आणि पंखा परत लावले आणि बाहेर जाऊन लिफ्टवाल्याला हाक मारली.

"परत?" तो म्हणाला. "अहो ताई, तुमच्यापायी लोक मला शिव्या घालतात. काल अकाउंटचे साहेब पाच मजले चढून गेले. वर जाऊन अर्धा तास बोलले नाहीत कुणाशी."

"तब्येतीला चांगलं असतं ते."

"त्यांच्या असेल. माझ्या नाही."

तरी त्यानं लिफ्ट थांबवली. उचकी थांबली नाही. मग ताईनं कोपऱ्यातल्या नव्या फ्रिजची पिन काढली. या फ्रिजवर तिचा पहिल्यापासून डोळा होता. सोमवारी तो आत आला आणि सोमवारीच उचकी सुरू झाली. डायरेक्टर साहेबांनी कुणाला न विचारता आणून ठेवलेलं हे धूड. फ्रिज गुरगुरायचा थांबला, रेघ मात्र उचक्या देतच राहिली. ताईनं फ्रिजच्या पाठीवर चापट मारली आणि पिन परत लावली. इतकी वर्षं ती याच कामात होती. या मशीनच्या आसपासची खरखर हुडकायची आणि मारायची. तिला पदवी नव्हती, पण इमारतीतली प्रत्येक तार, पंप आणि ढिला स्क्रू तिच्या ओळखीचा होता. चार चार दिवस एकच खरखर छळते आणि आपल्याला ती सापडत नाही, असं तिच्या बाबतीत फार दिवसांत झालं नव्हतं. तिला स्वतःचाच राग यायला लागला होता.

"थांबा, मी बघतो," सर म्हणाले आणि उठले.

चिमणीनं ताईकडे बघून भुवया उडवल्या. आता गंमत बघ, असा त्याचा अर्थ. सर पिंजऱ्यापाशी आले, वाकले, बाहेरच्या पट्टीवरची नटं एकेक करून चाचपली, एक किंचित आवळलं. आणि खरंच, रेघ निवळली. स्वच्छ, सरळ, पाटीवर पट्टीनं ओढल्यासारखी.

"बघितलंत?" चिमणी म्हणाली. "सरांचा हात लागला की मुकाट्यानं बसते. आपल्यालाच मेली वेडावते."

सर हसले आणि खुर्चीत जाऊन बसले. चिमणी दुसरी नळी उघडणार, तेवढ्यात ताई म्हणाली, "थांब. दोन मिनिटं बघू."

दोन मिनिटं व्हायच्या आत उचकी परत आली.

मंगळवारपासून हे असंच चाललं होतं. सरांनी हात लावावा, तिनं जावं. सरांनी बसावं, तिनं यावं. खालच्या मजल्यावरची पोरंसुद्धा आता म्हणायला लागली होती की सरांना नुसतं पिंजऱ्यापाशी उभं करा. सर हे ऐकून खूश व्हायचे. का होऊ नयेत? हा पिंजरा त्यांनीच बांधला होता, तांब्याची एकेक पट्टी स्वतःच्या हातानं डाख देऊन. तीन वर्षांपूर्वी ते रिटायर झाले तरी रोज दहाच्या ठोक्याला येत. सरकारी कागदावर त्यांचं इथं काही काम नव्हतं. ताईनंच दरवर्षी अर्ज लिहायचा, की खरखर काढायला सर लागतात, त्यांच्यावाचून अडतं. साहेब सही करायचे. मात्र सोमवारी फ्रिज आत सारताना ते मध्येच थांबून म्हणाले होते, "एवढ्याशा खोलीत ही तिसरी खुर्ची लागते का हो खरंच?" फ्रिजला जागा हवी म्हणून सरांची खुर्ची त्यांच्या कोपऱ्यातून निघाली आणि भिंत नि दगडाच्या मधल्या बोळात येऊन बसली. दुसरी जागाच नव्हती. तिथून निघाली तर थेट बाहेर, पॅसेजमध्ये.

आणि पॅसेजमध्ये ते बसणार नाहीत, हे ताईला पक्कं माहीत होतं. मागे एकदा वहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, तिच्याजवळ बोलल्या होत्या. "ती खोली आहे ना, म्हणून हे सकाळी उठून दाढी करतात बघ. तुझे उपकार आहेत." ताईला तेव्हा अगदी संकोचल्यासारखं झालं होतं. उपकार कसले? तिला सोल्डरिंग धरायला शिकवलं ते यांनी. वीस वर्षांनी मोठा माणूस, पण सगळ्यांबरोबर तेही तिला ताईच म्हणायचे, आणि वर अगं-तुगं करायचे.

बारा वाजता सर उठले. "जेवणाची नि गोळीची वेळ झाली," ते म्हणाले, "बीपीचं झंझट." आणि बाहेर गेले.

चिमणी पालथ्या मुठीनं डोळे चोळत होती. तिच्या लक्षात आलं नाही. ताईच्या आलं. दार लागलं आणि रेघ निवळली. कुणी कशाला हात लावला नव्हता. पंखा, दिवे, फ्रिज, सगळं जिथल्या तिथं चालू होतं. रेघ मात्र शांत, तळ्यासारखी. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली.

"अगंबाई, गेली की!" चिमणी सावध झाली. "ताई, काय केलंत?"

"काही नाही. लाव नळी."

चिमणीनं दुसरी नळी लावली. खळगे पडायला लागले, कसे मोत्यासारखे. ती नळी पुरी होते न होते तोच दार उघडलं, सर आत आले, बोळातून अंग चोरून आपल्या खुर्चीत बसले, हात खुर्चीच्या हातावर टेकवला. ताई वळली नाही. स्क्रीनवरच नजर ठेवून मनात आकडे म्हणत राहिली. नव्वदपर्यंत पोचली असेल नसेल.

"आली!" चिमणी जवळजवळ ओरडली. "आली परत, सटवी!"

तेव्हा ताई वळली.

सरांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर होता. अंगठा तर्जनीवर फिरत होता, पिठाची बारीक गोळी वळावी तसा. वळायला पीठ नव्हतं. मनगट त्या तालात हलत होतं, कोपर हलत होतं, आणि कोपराखालचा खुर्चीचा लाकडी हात अगदी पुसट, बघितल्याशिवाय कळू नये इतका, थरथरत होता. खुर्चीचा मागचा पाय जमिनीतल्या ज्या फळीवर होता त्या फळीखालून पिंजऱ्याची मुख्य तार जाते, हे या इमारतीत ताईइतकं कुणाला ठाऊक होतं? तार नुसती दबली-सुटली तरी तिच्यात आपली आपण वीज उमटते. आणि ती त्या धारेपेक्षा शंभरपट असते.

तिनं हाताकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, परत हाताकडे. ताल एकच होता.

सरांचं लक्ष रेघेकडे होतं. कपाळाला आठ्या घालून ते उचकीचा विचार करत होते.

"मी आलेच," ताई म्हणाली.

पॅसेजमध्ये फळीवर मोबाइल ओळीनं ठेवले होते. आपला उचलून ती जिन्यापाशी गेली आणि वहिनींना फोन लावला. काय विचारायचं हे तिनं ठरवलं नव्हतं.

"वहिनी, सरांच्या उजव्या हाताला काय झालंय?"

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. दिसलं."

"आठ महिने झाले गं," वहिनी म्हणाल्या. "शपथ घातलीय मला, तिथं कुणाला कळता कामा नये म्हणून. शर्टाची बटणं मी लावते रोज. चहा अर्धाच कप देते." मग त्यांना रडू आलं. "कामात असले ना, तर काही नसतं बघ. दाढी स्वतःची स्वतः करतात, पेन धरतात. हात रिकामा राहिला की सुरू होतो. काळजीत असले की जास्तच. डॉक्टर म्हणाले, असंच असतं हे. काही सांडलं का त्यांच्या हातून? मोडलं काही?"

"नाही हो. काही नाही मोडलं."

"मग घरी पाठवताय का त्यांना?"

"नाही," ताई म्हणाली, "तसं काही नाही. नंतर बोलते." आणि फोन ठेवला.

जिन्याच्या कठड्याला टेकून ती उभी राहिली. डोळे भरून आले होते ते तिनं बाहीला पुसले. आठ महिने! रोज सहा-सात तास शेजारी असलेला माणूस, आणि आपल्याला खालच्या मजल्यावरचा पंप ऐकू येतो, हे दिसलं नाही. लाजच वाटली तिला.

आता काय करायचं ते तसं सोपं होतं. आत जायचं आणि म्हणायचं, सर, जरा बाहेर बसता का? कारण हवं तेवढं सांगता येईल. गर्दी होतेय, हवा कोंडतेय. उचकी जाईल, चार वाजायच्या आत तिन्ही नळ्या होतील. पण ती गेली की चिमणी विचारणार, कशानं गेली? उद्या सर परत येऊन बसले की ती परत येणार. चिमणी काही खुळी नाही. दोन दिवसांत तिलाही उमगेल. मग हळूहळू सगळ्या इमारतीला कळेल, की खरखर काढायला ज्यांना ठेवलं होतं तेच खरखर होते. साहेबांना मग काही बोलावंही लागणार नाही, नुसती सही करायची नाही. ताईला आपले बाबा आठवले. नोकरी सुटल्यावर ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले ते तिथंच वाळत गेले, अवघ्या दीड वर्षात. सगळे म्हणायचे, आराम करताहेत.

आणि दुसरीकडे तीन नळ्या. त्या बाळांना तर कुणी विचारलंही नव्हतं.

ती परत आत आली. चिमणीच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. सर म्हणाले, "ताई, मला वाटतं आपण दगडाखालचे पाय एकदा बघू. हवा कमी झाली असेल एखाद्यातली." हात तसाच होता, खुर्चीवर.

"सर," ताई म्हणाली. जरा बाहेर बसता का, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. त्यांनी मान वर केली. शर्टाची सगळी बटणं नीट लावलेली होती, वरचं गळ्याशी सुद्धा.

ताईनं टेबलाचा खालचा खण ओढला. तळाशी तांब्याच्या मऊ तारेचं भेंडोळं होतं. कुणी कधी काढलेलं, कुणी कोंबलेलं, पार गुंता झालेलं. तिनं ते उचललं, बरोबर एक रिकामं रीळ घेतलं आणि दोन्ही सरांच्या मांडीवर ठेवलं.

"एवढं गुंडाळून देता का मला?"

"आत्ता?" सर म्हणाले.

"आत्ताच हवंय. नव्या जाळीला लागणार आहे. पण सारखं हवं हं, वेढ्याला वेढा चिकटून. माझ्याच्यानं नाही होत तसं."

चिमणी आ वासून बघत होती. इथं आभाळ कोसळलंय आणि ताईला तारा गुंडाळायच्या सुचताहेत! ताईनं तिच्याकडे असं काही बघितलं की तिनं तोंड मिटून घेतलं.

सरांनी तारेचं टोक शोधलं. ते शोधायला थोडा वेळ लागला. मग डाव्या हातात रीळ धरून ते उजव्या हातानं वेढे घालायला लागले. पहिले दोन-तीन वेढे वेडेवाकडे पडले. चौथा जागेवर बसला. हात स्थिर होता, डाख देताना असायचा तसा.

"ताई," चिमणी दबक्या आवाजात म्हणाली. "गेली."

"दिसतंय मला. लाव तिसरी."

तिसरी नळी पाऊण तास चालली. रेघ स्वच्छ होती, खळगे एकामागून एक पडत होते, चिमणी कागदावर काहीतरी टिपत होती. सर गुंता सोडवत होते, गाठ आली की नखानं उकलत होते आणि वेढ्याला वेढा लावत होते. ताई पिंजऱ्यापाशी उभी होती. तिच्या पायांना कळ लागली होती, पण तिनं वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेतलं नाही.

तिसरी झाली. चिमणी चौथी लावायला पिंजऱ्यात वाकली. सरांनी चष्मा पुसायला रीळ मांडीवर ठेवलं. चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, हात खुर्चीवर टेकला, आणि सवयीनं स्क्रीनकडे बघितलं. मशीन चालूच होतं.

थोड्या वेळानं रेघ उचकली.

ताईला वाटलं, आता पटकन काहीतरी बोलावं. पण सर रेघेकडे बघत होते. मग त्यांची नजर सावकाश खाली आली, आपल्या हातावर. त्यांनी तार उचलली, एक वेढा घातला, दुसरा घातला. रेघ सरळ झाली. त्यांनी तार खाली ठेवली आणि हात खुर्चीवर ठेवून वाट बघितली. उचकी आली. तार उचलली. गेली. परत ठेवली, परत आली. तिसऱ्यांदाही तेच. कुठलीही गोष्ट तीनदा काढून, तीनदा घालून बघितल्याशिवाय तिच्यावर आळ घ्यायचा नाही, हे ताईला शिकवलं होतं ते याच माणसानं. एकदा सुद्धा त्यांनी मान वळवली नाही. चिमणीची पाठ त्यांच्याकडे होती, तिला यातलं काही दिसलं नाही.

चौथ्यांदा तार उचलली ती त्यांनी खाली ठेवली नाही.

"झाली लावून," चिमणी म्हणाली. "आली तर नाही ना हो मध्ये?"

"नाही," सर म्हणाले. "चालू कर."

ताईला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. तिनं दगडावरची नसलेली धूळ पुसली.

चौथी नळी संपली तेव्हा तीन वाजून गेले होते. पाचवी लावली. आता वेळही पुरत होता आणि चिमणीच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. ती खळगे मोजताना ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. सगळ्यात लहान बाळाची ही नळी, डॉक्टरांनी तिच्यावर लाल खूण केली होती. अर्ध्यावर आली असेल, आणि ताईच्या लक्षात आलं की भेंडोळं संपलं. सरांच्या मांडीवर तारेचं शेवटचं वीतभर टोक राहिलं होतं. तिनं खणाकडे बघितलं. खण रिकामा होता. दुसरी तार खाली स्टोअरमध्ये होती, आणि आता हललं तर पावलांचा हादरा रेघेत उतरला असता.

सरांनी शेवटचा वेढा घातला. अंगठ्यानं टोक दाबून धरलं. रीळ डोळ्यांसमोर धरून सगळीकडून बघितलं. वेढ्याला वेढा चिकटून, छापल्यासारखं झालं होतं. मग त्यांनी टोक सोडलं, आणि तार परत उलगडायला लागले. एकेक वेढा, न घाई करता, मांडीवर सोडत गेले. पुरी उलगडून झाली तेव्हा टोक शोधलं आणि पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.

ताईनं तोंड फिरवलं. स्क्रीनवरची रेघ आधी धूसर झाली, मग दिसेनाशी झाली. ती तशीच उभी राहिली, डोळेसुद्धा न पुसता.

चारला पाच कमी असताना चिमणीनं बटण दाबलं आणि दोन्ही हात वर केले. "चार नळ्या! पाचातल्या चार! ताई, सर, अहो चार मिळाल्या!" ती ताईच्या गळ्यात पडली, सरांच्या पायांना हात लावायला गेली आणि बोळात तिचं डोकं भिंतीवर आपटलं. "डॉक्टरांना फोन करून येते," म्हणत डोकं चोळत पळाली. दारातून परत डोकावली. "पण ताई, होतं काय हो ते? फ्रिजच ना?"

"जा आधी, फोन कर," ताई म्हणाली.

दार लागलं. दोघंच उरले. सरांनी रीळ दगडाच्या कडेवर ठेवलं. दिवसभराचा शीण एकदम चेहऱ्यावर आला. हात खुर्चीवर टेकला आणि सुरू झाला, सकाळपेक्षा जास्त. त्यांनी तो लपवला नाही.

"तुझ्या वहिनींना फोन केला होतास," ते म्हणाले. विचारलं नाही.

"हो."

"रागावली असेल."

"नाही. रडल्या."

सरांनी मान हलवली. बाहेर लिफ्ट सुरू झाल्याचा आवाज आला. रेघ त्या धक्क्यानं उडाली आणि आपल्या उचक्यांवर परत आली. दोघंही तिच्याकडे बघत होते, आता तिचं काही करायचं नव्हतं म्हणून.

"पोरीला मी सांगतो," सर म्हणाले. "फ्रिजच्या नावानं खडे फोडत बसेल नाहीतर. आणि सकाळची ती नळी माझ्यामुळे गेली, तेही सांगायला हवं."

"सर, त्याची काही गरज—"

"आहे, ताई. सापडली खरखर की लिहून ठेवायची. कुणाची का असेना."

ताईला पुष्कळ बोलायचं होतं. साहेबांना मी बघून घेईन, फळीखालची तार वरून छताकडून नेता येईल, महिन्याभराचं काम आहे पण होईल. तिनं दगडाच्या कडेवरचं रीळ उचललं.

सर खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले. बोळातून बाहेर येताना त्यांनी दगडाला धक्का लागू दिला नाही. दारापाशी पोचल्यावर ते थांबले. शर्टाचं गळ्याशी लावलेलं बटण चाचपलं आणि सोडून दिलं.

"उद्या दहाला येतो," ते म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, "माझ्यासाठी काहीतरी काढून ठेवशील ना, ताई? हाताला?"